घरच्या भाषेचा ठेका

मार्च २०२२मध्ये मुंबईचा रॅपर धर्मेश परमार गेला. वय अवघं २४. रॅप ऐकणारे त्याला ‘एमसी तोडफोड’ म्हणून ओळखत. ‘गली बॉय’ या चित्रपटाशी जोडलेल्या रणवीर सिंग, सिद्धांत चतुर्वेदी, झोया अख्तर यांनी समाजमाध्यमांवर हळहळ व्यक्त केली आणि बहुतेक बातम्यांत तो ‘गली बॉयमधला रॅपर’ म्हणून छापून आला. त्याच महिन्यात त्याचा ‘ट्रूथ अँड बेस’ हा अल्बम आला होता. ज्या ‘स्वदेशी’ नावाच्या चमूबरोबर तो वाढला, त्यांच्या ‘स्वदेशी मेळ्या’त त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. चित्रपटातलं गाणं हा त्याच्या कामाचा एक छोटा तुकडा होता. मुंबईच्या गल्लीतलं रॅप हिंदीत स्थिरावत असताना हा मुलगा गुजरातीत रॅप करत राहिला, आणि मला वाटतं त्याचं खरं मोठेपण तिथे आहे.

हा लेख मी परभणी-गंगाखेड रस्त्यावरच्या पोखर्णीसारख्या गावांना डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे. पोखर्णी म्हटलं की मराठवाड्यात नृसिंह आठवतो. परभणी-परळी लोहमार्गावरच्या स्टेशनाचं नावसुद्धा ‘पोखर्णी नृसिंह’ आहे. वैशाख शुद्ध चतुर्दशीला, नृसिंह जयंतीला, इथे लांबलांबून माणसं येतात. पुढे थोड्या अंतरावर गंगाखेड, जनाबाईचं गाव. भोवती काळी जमीन, कापूस, सोयाबीन, आणि दहावी-बारावी झाली की पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांत बसणारी पोरं. या पोरांच्या कानात आज रॅप आहे. फोनवर फुकट बीट मिळतं, त्यावर ती शब्द बसवतात, मित्रांना ऐकवतात. मात्र वही उघडली की त्यांची भाषा बदलते. घरात ‘काय करायलास’ म्हणणारा पोरगा मुंबईच्या टपोरी हिंदीत लिहू लागतो. त्याने कधी न पाहिलेल्या गल्लीची, कधी न बसलेल्या लोकलची बढाई मारतो. सोयाबीनचा भाव पडलेला असतो, बापाचं पीककर्ज थकलेलं असतं, बहिणीच्या लग्नाचं ओझं असतं. ते सगळं वहीबाहेर राहतं. हे ऐकताना मला वाईट वाटतं, आणि दर वेळी धर्मेशची आठवण होते.

धर्मेश दादर-नायगावच्या बीडीडी चाळीतला. ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ या इंग्रजी अमदानीतल्या खात्याने १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे कामगारांसाठी २०७ इमारती उभ्या केल्या. एक खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. तीन पिढ्या अशाच एका खोलीत वाढल्या. कोकणातले, घाटावरचे, सौराष्ट्रातले, तेलंगणातले लोक एकाच गॅलरीत राहिले. अशा जागी वाढलेल्या मुलाला भाषा शिकवाव्या लागत नाहीत. जिन्यावर मराठी, नाक्यावर हिंदी, घरात गुजराती. हाच गिरणगावचा पट्टा. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ काढलं आणि इथल्याच मैदानांत डफ-तुणतुण्यावर कामगारांचं जगणं मांडलं. धर्मेशच्या पिढीपर्यंत गिरण्या गेल्या होत्या, भोंगे थांबले होते आणि चाळींच्या पुनर्विकासाच्या पाट्या लागल्या होत्या. पण उभं राहून, ताल धरून, जमलेल्या माणसांसमोर खरं बोलायची सवय त्या मातीत आधीपासूनच होती.

रॅपची जन्मकथा अनेकांना माहीत असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत, सिंडी कॅम्पबेल या मुलीने एक पार्टी ठेवली. तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क, गाण्यातला नुसत्या तालवाद्यांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवू लागला आणि त्यावर लोक नाचू-बोलू लागले. गरीब काळ्या आणि लॅटिनो वस्तीत ते वाढलं, कारण त्याला पैसे लागत नव्हते. आपल्याकडे १९९०च्या दशकात बाबा सहगलने रॅप घरोघरी नेलं, पण ते गमतीचं होतं. मुंबईच्या वस्त्यांनी ते आपलं केलं ते २०१३-१४च्या सुमारास. जेबी नगरचा विवियन फर्नांडिस, म्हणजे डिव्हाइन, आणि कुर्ल्याचा नावेद शेख, म्हणजे नेझी, यांनी आपापल्या गल्लीचं बोलणं हिंदीत आणलं. त्यांच्या आयुष्यांवरून सुचलेला ‘गली बॉय’ फेब्रुवारी २०१९मध्ये आला, त्या वर्षी ऑस्करसाठी भारतातर्फे तोच गेला, आणि रॅप हा शब्द पोखर्णीच्या पानटपरीपर्यंत पोहोचला.

स्वदेशी हा चमू ‘गली बॉय’च्या आधीपासून काम करत होता. हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली, ज्याची जी भाषा त्याने ती वापरायची, असा त्यांचा रिवाज. मराठीत आणि हिंदीत रॅप करणारा एमसी मवाली, संगीत करणारा बॅमबॉय आणि गुजरातीत बोलणारा तोडफोड हे त्यातले ठळक. ‘लाज वाटते काय?’ हे त्यांच्या सुरुवातीच्या एका गाण्याचं नावच मराठी आहे. भ्रष्टाचार, पाणी, झाडं, पोलीस, निवडणूक असे त्यांचे विषय. महागड्या गाड्या आणि सोन्याच्या साखळ्या त्यांच्या गाण्यांत फिरकत नाहीत.

गुजराती भाषेची सर्वसाधारण प्रतिमा आठवून पाहा. व्यापार, गरबा, विनोदी नाटकं. मुंबईच्या रस्त्यावरचा राग गुजरातीत येऊ शकतो, असं कोणाला वाटलं नसतं. खुद्द गुजराती घरांतल्या पोरांनाही वाटत नव्हतं. हिंदीत गेलं की श्रोते वाढतात, कंपन्या विचारतात, चित्रपट मिळतात, हा सरळ हिशेब होता आणि तो चूकही नव्हता. धर्मेशने त्या हिशेबापेक्षा आपल्या जिभेवर भरवसा ठेवला. माणसाला राग येतो तेव्हा तो आईच्या भाषेत येतो. शिवी, म्हण, टोमणा, अंगाई, सगळं त्याच भाषेत आधी सुचतं. त्याची गुजराती पुस्तकी नव्हती. चाळीत मराठी-हिंदीला घासून टोकदार झालेली होती. समजो न समजो, ऐकणाऱ्याला एवढं कळायचं की हा माणूस दुसऱ्या कोणाचा आवाज काढत नाही.

पण नुसती आपली भाषा घेऊन भागत नाही. इथे त्याच्या आयुष्यातली जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, ती सांगितली पाहिजे.

विवेक राजगोपालन हे मृदंगवादक. कर्नाटक संगीतात ताल तोंडाने म्हणण्याची एक जुनी कला आहे. तिला कोन्नक्कोल म्हणतात. वाद्य हातात यायच्या आधी विद्यार्थी बोल म्हणायला शिकतो, हाताने टाळ्या देत, बोटं मोजत. राजगोपालन यांनी ‘ता धोम’ हा उपक्रम सुरू केला आणि एमसी मवाली व एमसी तोडफोड यांना समोर बसवून ही विद्या शिकवली. मैफिलीत पिढ्यानपिढ्या जपलेलं काहीतरी चाळीतल्या, वस्तीतल्या पोरांना कोणी इतक्या गंभीरपणे देतो, हे आपल्याकडे फार क्वचित घडतं.

ती विद्या नेमकी काय आहे, हे जरा उलगडून सांगतो, कारण आपल्या पोरांना तिची गरज आहे. रॅपचं बीट बहुधा चार मात्रांचं असतं. नवशिक्या चारांतच बोलत राहतो, प्रत्येक ओळ तिथेच संपवतो, आणि दोन मिनिटांत ऐकणाऱ्याला कंटाळा येतो. कोन्नक्कोलमध्ये चाराचा बोल ‘तकधिमी’, तिनाचा ‘तकिट’, पाचाचा ‘तकतकिट’, सातासाठी ‘तकिट तकधिमी’. आता खाली चाराचा ठेका चालू ठेवा आणि तोंडाने तिनाचे गट म्हणा. पहिल्या फेरीत तुम्ही ठेक्याच्या बाहेर पडल्यासारखे वाटता, दुसऱ्या फेरीत आणखी दूर जाता, आणि बाराव्या मात्रेनंतर दोघं पुन्हा एकत्र समेवर येता. पाचाचे गट घेतले तर ही भेट विसाव्या मात्रेनंतर होते. मधल्या काळात ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. हरवला, हरवला म्हणेपर्यंत तो बरोबर जागेवर येतो आणि टाळी पडते. तबलजीची तिहाई आपल्याला भुलवते ती याच कारणाने. तोडफोड आणि मवाली यांनी हे शब्दांत उतरवलं. आधी बोल पाठ करायचे, मग त्याच वजनाचे गुजराती-मराठी शब्द त्या जागी बसवायचे. त्यामुळे त्यांचं रॅप अमेरिकन गायकाची चाल उसनी घेतल्यासारखं ऐकू येत नाही. त्याची चाल इथल्या मात्रांची आहे.

या शिक्षणाचं फळ ‘गली बॉय’मध्ये ऐकायला मिळतं. ‘इंडिया ९१’ हे त्यातलं गाणं राजगोपालन यांच्या बोलांवर उभं आहे, आणि त्यात मवाली, तोडफोड, धारावीचा एमसी अल्ताफ, महार्या, नॉक्शस डी यांच्यासोबत एक मराठी पोरगा आहे: सौरभ अभ्यंकर, ‘१०० आरबीएच’, अमरावतीचा.

अमरावती म्हटल्यावर परभणीच्या माणसाचे कान टवकारले पाहिजेत. मुंबई-पुण्याच्या बाहेरच्या, कापसाच्या पट्ट्यातल्या गावाहून आलेला हा पोरगा वऱ्हाडी वळणाच्या मराठीत रॅप करतो. ज्या बोलीला चित्रपटात नोकराच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी जागा मिळत आली, ती बोली तो ताठ मानेने बोलतो. आंबेडकरी गाण्यांचा संस्कार त्याच्या बोलण्यात आहे. २०२३ साली ‘एमटीव्ही हसल’च्या तिसऱ्या पर्वात तो देशभर दिसला, आणि मराठी समजत नसलेल्या प्रेक्षकांनीही त्याला डोक्यावर घेतलं. तोडफोडने गुजरातीबाबत जे केलं, त्याच वाटेने हा वऱ्हाडीबाबत चालला. एकाने दुसऱ्याला शिकवलं असं मी म्हणत नाही. पण दोघं स्वदेशी या एकाच चमूत, एकाच गाण्यात उभे राहिले, आणि आपापल्या घरची भाषा सोडायची नाही हा त्या चमूचा नियम होता.

‘गली बॉय’ आला त्याच २०१९ साली मुंबईत आणखी एक गोष्ट घडली. गोरेगावच्या आरे वसाहतीत मेट्रो-३ची कारशेड होणार होती आणि तिथल्या आदिवासी पाड्यांवर, झाडांवर टांगती तलवार होती. स्वदेशीने आरेतल्या पाड्यावर राहणारे आदिवासी कार्यकर्ते आणि कलावंत प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं. रॅपर पुढे आणि आदिवासी मागे नाचायला, असा नेहमीचा मामला इथे नव्हता. भोईरांचा आवाज, त्यांची चाल, त्यांचं म्हणणं गाण्याच्या मधोमध आहे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला पुढची तोड थांबवली तोवर दोन हजारांहून अधिक झाडं पडली होती. गाण्याने झाडं वाचली नाहीत. पण आरेत पाडे आहेत, तिथे माणसं राहतात, त्यांची स्वतःची गाणी आहेत, हे मुंबईतल्या अनेक तरुणांना पहिल्यांदा त्या गाण्यातून कळलं.

आता पुन्हा आपल्याकडे येतो.

तोडफोडला ताल शिकण्यासाठी मृदंगाच्या गुरूकडे जावं लागलं. पोखर्णीच्या पोराला कुठे जावं लागेल? मला वाटतं, फार लांब नाही. गोंधळ्याचं संबळ आहे. हलगी आहे, आणि हलगी वाजवणारे हात अजून आहेत, लग्नात डीजे आल्यापासून त्यांना बोलावणं कमी झालं असलं तरी. सवाल-जवाब आहेत, ज्यांत समोरच्याने टाकलेला पेच तिथल्या तिथे, त्याच चालीत सोडवायचा असतो. आजची पोरं ज्याला ‘बॅटल’ म्हणतात, त्याचे सगळे नियम त्यात आहेत. एकनाथांची भारुडं आहेत, ज्यांत गंमत करता करता माणूस दुसऱ्याच्या कातडीत शिरून बोलतो. आणि जात्यावरची ओवी आहे.

ओवीबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत फिरून बायकांच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आहे. सीतेच्या वनवासाच्या त्यांच्या ओव्या ऐकताना अंगावर काटा येतो. सीतेचं दुःख सांगता सांगता ती बाई आपलं सांगते आहे, हे कळायला संगीत कळावं लागत नाही. जात्याचा खुंटा फिरतो त्या गतीवर ओळ पडते, श्वास संपतो तिथे ओळ संपते, शेवटचा शब्द पुढच्या ओळीचं दार उघडतो. ज्याला रॅपर ‘फ्लो’ म्हणतो, तो ताडकळसच्या या बाईकडे होता. आपल्या जिल्ह्यातल्या रॅप लिहिणाऱ्या किती पोरांनी तिचा आवाज ऐकला आहे? ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर आहेत, फुकट आहेत, त्याच फोनवर वाजतात.

गावकुसाबाहेरच्या गाण्याची परंपरा तर याहून जवळची. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेले वामनदादा कर्डक मोठेपणी लिहा-वाचायला शिकले आणि २००४ साली जाईपर्यंत त्यांनी हजारो गाणी केली. मराठवाड्यातल्या भीमजयंतीच्या मंचांवर त्यांची गाणी अजून म्हटली जातात. त्या मंचासमोर बसलेला पोरगा यमक, उपरोध, ठेका आणि हिंमत, चारही एका बैठकीत शिकतो. अमरावतीच्या रॅपरला हेच मिळालं. परभणीच्या पोरालाही मिळतं, फक्त ते आपलं भांडवल आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

बोलीचा प्रश्न राहतो, आणि तोच खरा अडतो. ‘मी चाललो आहे’ आणि ‘मी जायलो’. पहिलं शाळेत शिकवलेलं, दुसरं घरचं. रॅपरच्या कानाने ऐकलं तर दुसरं सरस आहे: अक्षरं कमी, शेवट उघडा, ‘लो’वर ठेका पडतो. ‘करायलो, बोलायलो, मरायलो’. आमच्या क्रियापदांच्या शेपटीतच यमक बसलेलं आहे. ‘कामून’ या एका शब्दात जो जाब आहे, तो ‘का बरं’मध्ये नाही. तरी पुण्याला गेलेला आमचा पोरगा पहिल्या महिन्यात ही क्रियापदं गिळायला शिकतो, कारण वसतिगृहात, कंपनीत, मुलाखतीत त्यावर लोक हसतात. मला हे हसणं फार क्रूर वाटतं. भाषा गिळली की तिच्यासोबत अनुभवही गिळला जातो, आणि मग वहीत मुंबईची उसनी गल्ली उतरते.

मराठवाड्याने तोंड उघडलं तेव्हा काय होतं, याचं उदाहरणही समोर आहे. २०२३मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे याने राज्यातल्या सत्तांतरावर रॅप केलं. ते फोनोफोनी फिरलं आणि त्याच्यावर अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. त्याच सुमारास मुंबईच्या उमेश खाडेवरही रॅपबद्दल कारवाई झाली. त्यांच्या गाण्यांतल्या प्रत्येक शब्दाशी सहमत व्हायची गरज नाही. पण साध्या मराठीत, कोणत्याही कंपनीशिवाय केलेलं गाणं सत्तेला इतकं झोंबतं, याचा अर्थ त्या भाषेत ताकद आहे. हिंदीतलं बढाईखोर रॅप सत्तेला असं झोंबत नाही.

दुसऱ्या टोकाला, २०२४मध्ये श्रेयस सागवेकर आणि क्रेटेक्स यांच्या ‘तांबडी चामडी’ने मराठी शब्दांवर परदेशातले तरुण नाचवले. त्यात जाब विचारलेला नाही आणि ते ठीकही आहे. प्रत्येक गाणं आंदोलन असायला नको. मराठी शब्दांचा नाद बीटवर बसतो का, ही शंका त्याने कायमची मिटवली.

धर्मेश २४व्या वर्षी गेला. त्याच्या मागे एक अल्बम, स्वदेशीबरोबरची गाणी, ता धोमच्या मैफिली, चित्रपटातल्या काही ओळी एवढंच राहिलं. त्याच्या वयाला वामनदादांची गाण्यांची वाट नुकती सुरू झाली होती. तो आणखी चाळीस वर्षं जगला असता तर त्याने गुजरातीत काय केलं असतं, हा विचार मन खातो. पण जे केलं त्यात एक पद्धत आहे, आणि ती शिकता येते: घरच्या भाषेत लिहा, गुरूकडून ताल घ्या, ज्याचं दुःख सांगताय त्याला गाण्यात सोबत उभं करा.

म्हणून माझं एक मागणं आहे, पोखर्णीच्या आणि तिच्यासारख्या गावांच्या यात्रा समित्यांकडे. जत्रेत कीर्तन ठेवता, कुस्त्या ठेवता, ऑर्केस्ट्राला पैसे देता. त्यात एक तास काढा. गावातल्या जुन्या हलगीवाल्याला मानधन देऊन बसवा, ज्या आजीला ओव्या येतात तिला पुढच्या रांगेत खुर्ची द्या, आणि रॅप लिहिणाऱ्या पोरांना मंचावर बोलवा. अटी दोनच: बीट फोनवरचं चालणार नाही, हलगीचंच; आणि गाणं आपल्या बोलीत. पहिल्या वर्षी पोरं अडखळतील, ठेका सुटेल, लोक हसतील. दुसऱ्या वर्षी हलगीवाला आठ दिवस आधी त्यांची तालीम घेईल. सोयाबीनच्या भावावर, रखडलेल्या भरतीवर, चाकणच्या बारा तासांच्या पाळीवर ती पोरं काय म्हणतात ते ऐकायला मी पहिल्या रांगेत, त्या आजीच्या शेजारी येऊन बसेन.